राखणदारावरचा आळ

पेडण्यात गुरुदासला लोक गाडीमुळे ओळखत. पोर्तुगीज अमलात बोटीने आलेली लांब, काळी, अमेरिकन बनावटीची गाडी. एका भाटकाराने, म्हणजे जमीनदाराने, ती मोडीत काढायची ठरवली होती, तेवढ्यात गुरुदासने ती घेतली, जीव लावून दुरुस्त केली आणि तिची टॅक्सी केली. मी त्याचा शेजारी, मराठी शाळेतला मास्तर. जुन्या वस्तूंचं कौतुक मला कधी जमलं नाही. पण हा माणूस सकाळी सकाळी ज्या मायेने तिच्या काचा पुसायचा, ते बघून मला माझ्या सायकलीची दया यायची.

गोवा राज्य झालं त्या वर्षीची ही गोष्ट. कोकणी की मराठी या वादात हॉटेलातला चहा थंड होत होता. माझ्यासारख्याला विचारलं की मी भाषण ठोकायचो. गुरुदासला विचारलं की तो म्हणायचा, "म्हजी गाडी दोनूय भाशांनी खोकता."

आणि ती खरंच खोकू लागली होती. डिचोलीच्या वाटेवर एका चढाच्या तोंडाशी राखणदाराची, म्हणजे वाट राखणाऱ्या देवाची, घुमटी आहे. तिथे पोचली की गाडीला उचकी लागे. इंजिन एकदम दम सोडी, गाडी गचका खाई, कधी मरायला टेके आणि मग सावरून चढ चढे. बाकी कुठेही नाही, नेमकी तिथेच. उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय असं आपण म्हणतो. घुमटीसमोर आठवण काढणारा दुसरा कोण असणार? राखणदाराचं काहीतरी राहिलंय, असं गुरुदासच्या मनाने घेतलं. घरात सगळे विसरलेले नवस आठवू लागले. नारळ झाला, रोट झाला, विडी ठेवून झाली. मधल्या वेळात प्लग घासून झाले, पेट्रोलची जाळी धुऊन झाली. उचकी काही थांबेना.

इतर वेळी हा थट्टेचा विषय झाला असता. पण तुळशीची लग्नं झाली की गुरुदासच्या लेकीचं, गौरवीचं लग्न होतं; सासर डिचोलीचं. बापाच्या गाडीतून सासरी जायचं हे तिने शाळेत होती तेव्हापासून ठरवलेलं. गाडीची कीर्ती डिचोलीपर्यंत पोचली आणि नवऱ्या मुलाची आत्या कमलाक्षी स्वतः सांगायला आली.

"देवाच्या दारांत अडटा ती गाडी? तातूंत आमची सून बसची ना. आमी दुसरी गाडी धाडटात."

गौरवी आतून म्हणाली, "बाबाची गाडी ना जाल्यार हांव चलत येतां."

आत्या गेल्यावर गुरुदास गाडीत जाऊन बसला आणि जेवायलाही उठला नाही. मला त्या बाईचा असा राग आला होता की काय सांगू. पण तिला तरी काय बोलणार? देव रागावलाय हे आधी गुरुदासनेच गावभर केलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको चंद्रावती गाडीत त्याच्या शेजारी बसली आणि मला मागे बसवलं. घुमटी जवळ आली. गुरुदासने रिवाजाप्रमाणे पाय अॅक्सिलरेटरच्या पेडलवरून उचलला, हात छातीला लावला, मान लववली, आणि चढ समोर आलेला बघून पेडल दाबलं. उचकी.

"थांबयात," चंद्रावती म्हणाली. "तुमी नमस्काराक पाय काडटात, मागीर एकदम दाबतात. गाडी तेन्नाच खोकता. आतां परत येयात, पूण पाय काडूं नाकात. हांव सकयल उतरतां. तुमचो नमस्कार हांव करतां."

ती उतरली आणि घुमटीसमोर हात जोडून उभी राहिली. गुरुदास गाडी मागे नेऊन परत आला. घामाघूम झाला होता बिचारा. देवासमोरून मान न लववता जाणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. पाय दाबलेलाच ठेवला आणि गाडी सरळ चढ चढून गेली.

मग आम्ही मोपाच्या सड्याकडे, उघड्या माळाकडे, गेलो. तिथल्या चढावर ना देव ना घुमटी. गुरुदासने मुद्दाम पाय उचलला, मग एकदम दाबला. उचकी! आपली गाडी बिघडल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"राखणदाराचो कांयच गुन्यांव ना गो!"

एरवी तो पेडल दाबायचा तो झोपलेल्या पोराच्या अंगावरून हात फिरवावा तसा, त्यामुळे दुखणं कुठे दिसलंच नव्हतं. घरी येऊन त्याने इंजिन बंद ठेवून कार्बोरेटरचं तोंड उघडलं आणि मला आत बघायला सांगितलं. पेडल दाबलं की आत पेट्रोलची बारीक चिळकांडी उडायला हवी. त्याने दाबलं तर एक थेंब गळला, बस्स. त्यासाठी आत एक छोटा पंप असतो. त्याची चामड्याची वाटी सुकून आक्रसली होती. पाय दाबला की हवा आत जाई, पण तिच्या जोडीचं पेट्रोल मागे राही. त्याने ती वाटी तेलात मुरत ठेवली, बोटांनी हलकेच फुलवली आणि परत बसवली. चिळकांडी अशी उडाली की मी मागे सरलो.

त्यानंतर नवराबायको नारळ घेऊन घुमटीवर गेली. गुरुदासने रीतसर गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, खोड गाडयेची आनी नांव तुजें घेतलें. खोटो आळ घातलो. पोटांत घाल म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," चंद्रावती म्हणाली. हसू दाबताना तिला पदर तोंडाशी न्यावा लागला.

लग्नाच्या दिवशी वरात डिचोलीला निघाली तेव्हा, गाडी अडते का ते बघायला, कमलाक्षी आत्या हट्टाने नवरानवरीबरोबर त्याच गाडीत बसली. घुमटीशी गुरुदासने पाय उचलला, मान लववली, पेडल दाबलं. गाडी लोण्यासारखी वर गेली. आत्याबाईंनी डिचोली येईपर्यंत गाडीची तारीफ केली म्हणे.

संध्याकाळी तो एकटाच परत आला. मी आणि चंद्रावती अंगणात उभे होतो. त्याने गाडी लावली, पण खाली उतरेना.

"खंयच अडली ना मगे?" चंद्रावतीने विचारलं.

"ना गो," तो म्हणाला. "गौरवीक घेवन कितें बेगीन पावली! वाटेंत एकदां तरी अडपाक जाय आशिल्ली."