हौसाबाईच्या कागदावरचं शून्य

या गं पोरींनो, अशा जवळ बसा. लांबून नुसतं हो-हो करता आणि निम्मं ऐकत नाही, ही तुमची खोड. तर हौसाबाईच्या कागदावर मुंबईच्या साहेबांनी शून्य लिहिलं होतं, आणि त्याखाली सही मी करायची होती.

तळेगावच्या आमच्या कारखान्यात औषधाच्या काचेच्या बाटल्या व्हायच्या. सत्तर सालानंतरची गोष्ट. मी ट्रेनिंग सेक्शनला, तिथल्या कागदांवर माझी सही लागायची. शाळा सातवीपर्यंत, बाकीचं काम करता करता शिकले. चेकिंगच्या टेबलावर पहिल्यांदाच बाई सुपरवायझर नेमायची होती, आणि तिथं बाटल्या तपासणाऱ्या हौसाबाईएवढी नजर कुणाचीच नव्हती. पण आधी कोर्स! तुंगार्लीच्या एका बंगल्यात तीन दिवस. विषय कम्युनिकेशन, म्हणजे आपलं म्हणणं समोरच्याला नीट पोचवणं. त्यासाठी मुंबईहून माणूस आणावा लागतो, हे मला तेव्हा कळलं.

शेवटच्या दिवशी रोल-प्ले. एकाने सुपरवायझर व्हायचं, दुसऱ्याने चुकलेला कामगार, आणि नाटक करून दाखवायचं. हौसाबाईसमोर साहेबांनी उभे केले शंकरराव. ट्रॉलीवरचे मुकादम, आणि तिचे सख्खे थोरले दीर! पवना नदीकडच्या त्यांच्या गावात भावजय थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नाही. निरोप तिसऱ्याच्या तोंडून.

"डोळ्यांत बघून बोला, कमॉन!" साहेब ओरडले.

हौसाबाईनं पदर पुढे ओढला आणि जमिनीकडे बघत राहिली. साहेबांनी लिहिलं, शून्य. शेरा, 'आत्मविश्वास नाही.'

"मी सही करणार नाही," मी म्हणाले.

"बाई, साधा फॉर्म आहे तो," आमचे मॅनेजर म्हणाले.

"मग साध्या फॉर्मवर खोटं कशाला?"

तेवढ्यात शंकरराव पुढे आले. "सायेब, ती माज्याशी कदी एक शबूद बोलली न्हाई. शेजारणीला म्हनती, 'म्हनावं, ट्रॉली थांबवा, बाटल्यांला चीर हाय.' तिचं बोलनं सरायच्या आत माजी ट्रॉली थांबलेली असती. आनखी काय पोचवायचं ऱ्हायलं?"

मी म्हणाले, "साहेब, जोडीदार बदला. तुम्हीच व्हा कामगार."

साहेब हसत उभे राहिले. हौसाबाईनं पदर कमरेला खोचला.

"काय वो, चिरलेली बाटली पुढं ढकलली? त्यातली काच तुमच्याच पोराच्या पोटात गेली म्हंजी? उचला ती पेटी! माज्या तोंडाकडं काय बघताय, बाटलीकडं बघा!"

आणि साहेब चक्क वाकले. पेटी तिथं नव्हतीच! सगळा हॉल खो-खो हसला.

साहेबांचे कान लाल. त्यांनी शून्य खोडलं आणि शेरा बदलला, 'उद्धट.'

माझ्या डोक्यात तिडीक गेली. गप्प राहिली तर आत्मविश्वास नाही, बोलली तर उद्धट! सकाळी असंच दरडावणाऱ्या एका पुरुषाला याच माणसानं 'करारी' लिहिलं होतं. मी कागद ओढला, शेऱ्याखाली लिहिलं, 'या बोलण्यावर प्रशिक्षकांनी नसलेली पेटी उचलली,' आणि मग सही केली.

मॅनेजरांनी ते दोनदा वाचलं. हौसाबाईला जागा मिळाली, पण सहा महिने ट्रायलवर. पुरुषांना ट्रायल कधीच नव्हती, आणि त्याचा राग मला अजून येतो. शंकररावांशी ती सुपरवायझर झाल्यावरही बोलली नाही. एकही चिरलेली बाटली त्या टेबलापुढे गेली नाही.

मी एवढंच शिकले, की बोलायला शिकवणाऱ्यानं आधी लोक कसे बोलतात ते ऐकून घ्यावं. तुमच्या ऑफिसात काय शिकवतात ते मला ऐकायचंय. पुढच्या रविवारी या घरी, जेवायलाच या, आणि सबबी सांगू नका.