ऑर्वाथच्या तोंडी बापाचे शब्द

डेलिया हॅगर्टी बरबँकच्या एका स्टुडिओत कार्टून मालिका लिहायची. तिथली सगळी मंडळी शाळेतून आल्या आल्या जपानी कार्टून बघत वाढलेली. मोठ्या डोळ्यांची पोरं, तलवारी, आणि कालचा वैरी आज जिवाभावाचा सोबती. आता तीच माणसं तसल्या मालिका अमेरिकेतल्या पोरांसाठी रचत होती, आणि दुष्टाला शेवटी माफी मिळायचीच, अशी त्यांच्यात रीतच पडून गेली होती.

डेलियाच्या मालिकेत वारा वळवणारी इल्का होती आणि गावं जाळत सुटलेला तिचा बाप, सेनापती ऑर्वाथ. हा ऑर्वाथ कधी ओरडायचा नाही. आधी बाह्या नीट दुमडायचा, मग हळू आवाजात विचारायचा, "माझं काही चुकतंय का, बाळ?" तेवढ्यानेच बघणारी पोरं उशीमागे तोंड लपवायची. हे सुचतं कुठून, म्हणून सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. तिला ते सुचलेलं नव्हतंच. बेकर्सफील्डच्या घरी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तिचा बाप हे म्हणायचा, अगदी याच शब्दांत. त्यानंतर काय व्हायचं ते तिच्या आईचं मोडलेलं मनगट मरेपर्यंत विसरलं नाही. चांगलं वाक्य हातचं सोडवत नाही, ही लिहिणाऱ्यांची खोड. डेलियाने ते जसंच्या तसं उतरवलं. ज्याचं ते वाक्य, तो म्हातारपणी कार्टून बघत बसेल असं तिच्या मनातही आलं नाही.

मालिकेच्या दुसऱ्या हंगामाचा शेवट तिनेच लिहिला. ऑर्वाथ हरतो, बर्फात गुडघे टेकतो, आणि इल्का किल्ल्याचं दार उघडून त्याला आत घेते. वाचून दाखवला तेव्हा लेखकांच्या खोलीत दोघंतिघं डोळे पुसत होती. डेलियालाही हलकं वाटलं. चर्चमधल्या प्रार्थनेत माफीची ओळ आली की ती दर रविवारी अडखळायची. आपल्याच्याने नाही, निदान इल्काच्याने तरी झालं, असं तिला वाटलं.

मग विनी मावशीचा फोन आला. मावशीचं घर बापाच्या गल्लीतच.

"डेली, त्याने तुझं कार्टून बघितलं गं. शेजारच्या पोरांबरोबर बसून. स्वतःचं बोलणं बरोबर ओळखलं त्याने. खूश आहे. म्हणतो, पोरगी मला विसरली नाही. शेवटी बापाला घरात घेते का बघतो, आणि घेतलं तर गाडी काढून तिच्याकडेच जातो राहायला."

"पत्ता दिलास?"

"मी कशाला देईन? पण तो शोधल्याशिवाय राहतोय होय."

त्या दिवसापासून दुकानातही पाठीमागे कुणी उभं राहिलं तर डेलिया रांग सोडून बाहेर पडायची. टोपी घातलेला कुणी म्हातारा दिसला की ती गाडीतून उतरायचीच नाही. लिहिलेला शेवट बदलायला हवा होता, आणि तोही लगेच, कारण त्याच आठवड्यात कच्ची चित्रं कोरियातल्या स्टुडिओकडे रंगवायला निघायची होती. एकदा गेली की काही हलवता येत नाही. पण कारण काय सांगायचं? या खोलीत जो तो आपले काडीमोड, आपली औषधं, सगळं जेवताना हसत सांगायचा. डेलियाने मात्र पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, वडील वारले.

देवाचं नाव घेऊन ती ग्रँटकडे गेली. ग्रँट ओस्टरमन मालिकेचा मुख्य. शेजारी टोमोको मोरिता बसली होती. दार उघडायचा तो प्रसंग तिनेच चितारलेला.

"आता?" ग्रँट म्हणाला. "सगळ्यांना रडवून झालं, आता बदलायचंय? बाई, मी साठी गाठावी अशी तुझी इच्छा नाही का?"

"ग्रँट, माझे वडील वारलेले नाहीत."

मग तिने सगळं सांगितलं. ग्रँटने हातातलं सँडविच खाली ठेवलं, ते शेवटपर्यंत उचललं नाही.

"मग मारून टाकू ऑर्वाथला," तो म्हणाला. त्याला खरंच मदत करायची होती.

"नको. मारला तर माझा बाप चिडून येईल. आत घेतला तर बोलावलं म्हणून येईल." ती घोटभर पाणी प्यायली. "ऑर्वाथला पस्तावू दे. खरं खरं रडू दे. इल्कानेही त्याला माफ केलं तर करू दे. पण दार उघडायचं नाही."

ग्रँटला ते पटेना. माफ केलं आणि दार बंद, हे पोरांना काय कळणार, कोरडं वाटेल, असं तो म्हणत राहिला.

"पोरांना कळतं," टोमोको म्हणाली. "माफ करणं वेगळं, घरात घेणं वेगळं. माझ्या पहिल्या नवऱ्याला मी केव्हाच माफ केलं. तरी त्याच्याकडे किल्ली नाही."

तिने तिथेच कागद ओढला. इल्का तटावर उभी राहते, हात फिरवते, आणि गुडघे टेकलेल्या बापाभोवतीचा वारा थांबतो. त्याच्या अंगावर बर्फ पडत नाही. दार मात्र बंदच राहतं. ग्रँटने ते चित्र जवळ ओढून बघितलं. मग म्हणाला, पाठवा.

भाग पडद्यावर यायला वसंत उजाडला. त्या दुपारी मावशी भाजलेल्या मॅकरोनीचं भांडं घेऊन मुद्दाम बापाच्या घरी जाऊन बसली. डेलिया इकडे फोन हातात धरून खाटेवर बसली होती. टीव्ही लावायचा तिला धीर झाला नाही.

फोन वाजला तेव्हा मावशी रस्त्यात उभी राहून बोलत होती.

"बघितलं त्याने. सुरू व्हायच्या आधीच गाडीची किल्ली हातात घेऊन बसला होता गं. दार उघडत नाही म्हटल्यावर मला म्हणाला, मला बाहेरच ठेवलं पोरीने."

"आणि किल्ली?"

"खाली ठेवली," मावशी म्हणाली. "आज तरी ठेवली."