राज्य मिळाल्यावर कर्ण्यांचे काय?

समोरचा माणूस बोलायचा थांबला, की आप्पा चष्मा कपाळावर चढवीत आणि शांतपणे विचारीत, “आणि मग?”

आमच्या वाडीच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत परवा कोणीतरी लिहिले आहे, की आप्पा चळवळीच्या विरोधात होते आणि होतकरू तरुणांचे पाय मागे ओढीत. लिहिणाऱ्याचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. ज्या तरुणाचा दाखला त्याने दिला आहे, तो मीच. तेव्हा वाचकांनी आता माझे ऐकावे.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे. गिरगावात रोज संध्याकाळी कुठे ना कुठे सभा असे, आणि सभा म्हटली की लाउडस्पीकरचे कर्णे आलेच. मी गिरणीतली कारकुनी सोडून कर्णे भाड्याने देण्याचा धंदा काढायचे ठरवले. भांडवल म्हणजे आईच्या पाटल्या. वडील गेल्यानंतर घरात सोने म्हणून तेवढेच उरले होते. आई म्हणाली, “देते. पण आधी आप्पांना दाखव.” आमच्याच वाडीत राहणाऱ्या आप्पांची सारी नोकरी एका पतपेढीत, कर्ज मागणाऱ्यांच्या योजना तपासण्यात गेली होती.

एरवी ते मला ‘तू’ म्हणत. त्या दिवशी माझी योजना हाती घेतली आणि म्हणाले, “बसा.”

“रोज सभा, रोज भाडं,” मी सांगितले.

“भाडं कोण देणार?”

“कार्यकर्ते.”

“त्यांच्याकडे मागाल? जीभ रेटेल?”

त्याच सभांना मी स्वतः सतरंज्या अंथरायला जात असे.

“बरं, मागितलंत. त्यांनी दिलं. आणि मग?”

“सभा चालूच राहतील.”

“कधीपर्यंत?”

“संयुक्त महाराष्ट्र होईपर्यंत.”

“आणि मग?”

माझे डोके फिरले. “राज्य मिळणार नाही असं वाटतं का तुम्हाला?” हे मी इतक्या चढ्या आवाजात विचारले, की बिऱ्हाडकरू गॅलरीत जमले. स्मरणिकेतली दंतकथा त्या गॅलरीत जन्मली आहे. उत्तर कोणी ऐकले नाही, कारण आप्पा हळू बोलत.

“मिळणारच,” ते म्हणाले. “तुमच्या कागदात मात्र ते कधीच मिळत नाही. मिळालं की तुमचं दुकान बसतं. आपणच जिंकलो तर बुडतील, अशा जागी आईच्या पाटल्या ठेवाव्यात का?”

विरोधक असे बोलतो काय? त्या वर्षांत विजयाची खात्री भाषणांत पुष्कळांनी दिली. तिचा हिशेब धरलेला मला हा एकच माणूस भेटला.

त्यांनी मला ठाकूरद्वारच्या भटजींकडे लग्नांचे मुहूर्त विचारायला धाडले. चातुर्मासात लग्ने नसतात, तेव्हा काय खाणार, हेही लिहायला लावले. मी गणपती लिहिला. “गणपती दहा दिवसांचा, पोट बारा महिन्यांचं,” ते म्हणाले. “कारकुनी तूर्त सोडू नका.” शेवटी सभांचे भाडे त्यांनी जमेच्या बाजूतून खोडले. “कर्णे फुकट द्या, आणि ते खर्चात लिहा. म्हणजे देताना हात आखडणार नाही.”

मी रागाने, पण तसेच लिहिले. पाटल्या गहाण पडल्या आणि राज्य होण्यापूर्वी आईच्या हातात परत आल्या.

आप्पा जाऊन आता फार वर्षे झाली. स्मरणिकेत त्यांचे छायाचित्र नाही. माझ्याकडेही नाही. जे आहे ते असे:

राज्य झाले त्या सकाळी चौकात माझे कर्णे वाजत होते. खाली आप्पा उभे होते; काळी टोपी गुलालाने माखलेली, दोन्ही कानांत बोटे.

“आप्पा, मिळालं,” मी ओरडलो.

त्यांचे ओठ हलले. काय विचारले, ते मला ऐकू येण्याची गरज नव्हती.

“संध्याकाळी ठाकूरद्वारला लग्न आहे. कर्णे तिकडे जाणार.”

त्यांनी कानांतली बोटे काढली, आणि त्या गजरात डोळे मिटून ऐकत उभे राहिले.