मोंबासाचा उजवा कौल

काय सांगायचं तुम्हाला! देवळातली घंटा वाजवून कुणी स्वतःचं वाटोळं करून घेतल्याचं ऐकलंय कधी? नाही ना? मग चहा घ्या आणि माझ्याकडे नीट बघून ठेवा. तो महापुरुष मीच!

तेव्हा मला नुकती मिसरूड फुटत होती. आमचं गाव गणपतीपुळ्याच्या अलीकडे, खाडीच्या तोंडावर. वडील खलाशी. मी रांगत असताना ते गलबतावर गेले, ते गलबतासकट परत आलेच नाहीत. घरात उरलो आई आणि मी. शेजारी काका, आणि घरात शेवटचा शब्द त्यांचा.

काकांनी ठरवलं, पोरगा परदेशी धाडायचा. पण कुठं? रंगूनला माझा मामा भाताच्या गिरणीत होता आणि मोंबासाला वाडीतला एकजण रेल्वेच्या कारखान्यात. दोघंही म्हणत होते, द्या पाठवून.

झालं! ज्यांनी पालीच्या बाजारापलीकडे पाऊल टाकलं नव्हतं, ते सगळे भूगोलाचे पंडित झाले.

"रंगूनच बरा. तकडं भात हाय. पोर उपाशी मरायचा न्हाय."

"आनि सायबानं त्यांचा राजा हतं रत्नागिरीत आनून ठेवलान, त्येचा राग ते ह्येच्यावर काढतील, त्येचं काय?"

"मग मोंबासा?"

"तकडं सिंव्ह मानसं खातात!"

"ह्याला कोन खातोय? नुसती हाडं हायत!"

मला विचाराल, तर मला मोंबासाच हवं होतं. का? पगार नाही, रेल्वे नाही. टोपी! तो वाडीतला माणूस शिमग्याला आला तो डोक्यावर ही एवढी उंच साहेबी टोपी घालून. पालखी नाचवतानाही काढली नाही पठ्ठ्याने. गावातल्या झाडून सगळ्या पोरी देवीऐवजी टोपीकडे बघत होत्या. माणसानं देश निवडायला आणखी काय लागतं, सांगा!

आई मात्र आपल्या कामात. एका संध्याकाळी हाताला तेल लावून फणस फोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तुज्या मनात कुठं हाय रे?"

"मोंबासा."

"लांब हाय?"

"छे! हे काय, समोरच."

"तिथनं परत येतात ना?"

"येतात की! टोपी घालून येतात!"

"बरां," ती म्हणाली आणि गरे काढू लागली.

दुसऱ्या दिवसापासून तिने माझ्यासाठी लाडू वळायला घेतले. मी काय समजलो? की आईला माझ्याहून जास्त घाई झालीय! अक्कल अशी असते बघा, वय झालं तरी येईलच असं नाही.

शेवटी काकांनी निकाल दिला. "देवीला कौल लावू. ती सांगंल तकडं जाईल."

आमच्याकडे कौलाची रीत अशी. रामा गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवणार. उजवी पडली तर मोंबासा, डावी पडली तर रंगून. आणि दुपारच्या नैवेद्यापर्यंत एकही पडली नाही, तर देवीला जाणंच मान्य नाही. मग पोरगा घरी! या तिसऱ्या वाटेचा मी विचारच केला नव्हता.

सकाळी सगळी वाडी देवळात. रामाने गाऱ्हाणं घातलं, "आये माउली, ह्या तुज्या लेकराला दिशा दाखव!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

आणि मग सुरू झालं बघत बसणं. कळ्या हलेनात. एक मुंगी उजव्या कळीवरून चालत गेली, तर मी मुंगीला नवस बोललो. काकांना डुलकी लागली. ऊन अंगणात मधोमध आलं. कळ्या आपल्या जिथल्या तिथे.

मी मागे वळून पाहिलं. आई खांबाशी बसली होती. डोळे मिटलेले, ओठ पुटपुटत होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. अरेरे! माझं मोंबासा हुकलं म्हणून बिचारी रडतेय!

रामा म्हणाला, "आता घंटा झाली की नैवेद्य. कौल संपला."

"मी वाजवतो!" मी उडी मारली.

घंटा होती कुठल्याशा फुटलेल्या जहाजावरची, चांगली घागरीएवढी. मी लोळा धरला आणि जो ठोकायला लागलो! आढ्याची वटवाघळं बाहेर पळाली. काका दचकून उठले, "आग लागली काय रे?" रामा ओरडतोय, "बास! मेल्या, बास!" पण मी कसला थांबतोय? आईसाठी देवीला जागं करत होतो ना!

आणि टप्‌कन उजवी कळी पडली.

"उजवा! उजवा! मोंबासा!" एकच कल्ला झाला. आई हुंदके देऊन रडायला लागली. मी धावत जाऊन तिचे खांदे धरले. "रडतेस काय गो आये? मिळाला ना उजवा!"

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. पदराने डोळे पुसले. "व्हय रे बाबा. मिळाला."

मोंबासा कसं होतं म्हणता? लाल माती, माड, आंबे, खाडी आणि खाडीत गलबतं! बोटीवरून उतरल्यावर मला वाटलं, फिरून पुन्हा गावालाच लागलो की काय! सिंह दिसला नाही. टोपी घेतली, ती पहिल्याच वाऱ्यात समुद्रात गेली.

पुढच्या पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन आई गेली. मला कळलं तेव्हा इकडे गावात तेरावंसुद्धा उरकलं होतं. गावाकडे तोंड करून मी किनाऱ्यावर पोटभर रडलो. मागाहून एका खलाशाने सांगितलं, आपलं गाव त्या अंगाला नाहीच. रडण्याचीही दिशा चुकली होती!

परत आलो तेव्हा रामा गुरव थकला होता. देवळाच्या पायरीवर मला बसवून म्हणाला, "एक सांगायचं राह्यलंय. कौलाच्या दिवशी झुंजूमुंजू व्हताना तुजी आये माज्याकडं आलती, करवंटीत फनसाचा चीक घेऊन. म्हनली, रामा, दोन्ही कळ्या घट लाव. एक पन पडता नये. पोराला 'जाऊ नको' म्हनायला माजी जीभ उचलत न्हाय, देवीच्या तोंडून म्हन."

मी विचारलं, "मग उजवी पडली कशी?"

"देवीच्या अंगाला चीक लावायचा म्हनून मी भ्यालो. उजवीला थोडाच लावला. तरी दुपारपत्तुर राह्यली व्हती ना? राह्यली आसती. पन तू घंटा वाजवत व्हतास का देऊळ पाडत व्हतास?"

आई खांबाशी बसून मोंबासा मागत नव्हती. मला मागत होती. आणि देवीही तिला देत होती.

हल्ली मी रोज देवळात जातो. हात जोडतो, घंटेखालून वाकून निघून येतो. गाववाले हसतात. "मोंबासाला जाऊन सायब झालाय. देवीची घंटा वाजवायला ह्याचा हात दुखतो!"

मी ऐकून घेतो. दुखायला हवा होता तेव्हा दुखला नाही, आता कुणाला काय सांगू?