कॅनचं झाकण

लव्हॉन ह्रुबीने कुणावर विश्वास टाकलाय, असं मी कधी पाहिलेलं नाही. दुकानातून अंडी घेतली तर डबा उघडून एकेक अंडं उजेडात धरून बघणार. चर्चच्या जेवणात बटाट्याचं सॅलड दुसरं कुणीतरी खाऊन धडधाकट राहिलं, की मगच स्वतःच्या ताटात वाढून घेणार. दर शुक्रवारी ती माझ्या पार्लरमध्ये केस बसवून घ्यायला येते. इतकी वर्षं झाली, तरी आरशातून तिची नजर माझ्या हातावरच असते.

"कॉनी, मागून जास्त कापलंस."

"अगं, अजून कात्री हातात घेतली नाही मी."

"तेच म्हणते. घेऊ नकोस."

तिचा नवरा एल्मर गेला तेव्हा तिने डॉक्टरला विचारलं होतं, "नक्की ना?" आम्ही खोलीत उभे होतो. हसावं की रडावं, कुणालाच कळेना.

हॅलोरन कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमच्या जर्सी ती शिवते. फाटलेल्या बाह्या, उसवलेले आकडे, सगळं तिच्याकडे येतं. आमच्या गावात कॉलेज आहे म्हणून माणसं आहेत, नाहीतर नेब्रास्काच्या या कोपऱ्यात धान्याची कोठारं आणि वारा यांच्याखेरीज काय आहे? दर ऑगस्टमध्ये नव्या जर्सींचे गठ्ठे तिच्या घरी पोचतात आणि ती प्रत्येकीच्या छातीवर कॉन्फरन्सचा बिल्ला शिवते. कॉन्फरन्स म्हणजे आपापसांत दरवर्षी खेळणाऱ्या कॉलेजांचं गोत. आमचं गोत जुनं. माझ्या आज्याच्या वेळेपासून आम्ही त्याच कॉलेजांकडून हरत आलोय आणि कधीमधी त्यांनाच हरवतही आलोय.

या ऑगस्टमध्ये टीमचं सामान सांभाळणारा गस गठ्ठे घेऊन आला आणि म्हणाला, "आकडे तेवढे शिवा. बिल्ल्यांचं नंतर बघू."

त्या शुक्रवारी लव्हॉन खुर्चीत बसली ती केसांचं काही न सांगताच. "पाणी मुरतंय कॉनी. कॉलेज गोत बदलणार आहे."

"एका बिल्ल्यावरून?"

"शितावरून भाताची परीक्षा."

मी हसले. पण ती हसत नव्हती, आणि ती का हसत नव्हती हे मला ठाऊक होतं.

नदीपलीकडे लॉडन नावाचं गाव आहे. तिथलं कॉलेज आमचं हाडवैरी. हंगामाचा शेवटचा सामना नेहमी त्यांच्याशी, आणि पैज असते ती दुधाच्या एका जुन्या, पोचे पडलेल्या कॅनची. कॅनच्या तळाशी बिअर ओतायची, वर कणसं, बटाटे, गाजरं, कोबी आणि सगळ्यांत वर सॉसेज रचायचे, घट्ट झाकण लावायचं आणि मैदानाच्या टोकाला विस्तवावर ठेवायचं. मागच्या वर्षी जे हरले त्यांनी रांधायचं. सामना संपला की दोन्ही गावांनी एकत्र जेवायचं, आणि यंदा जे जिंकले त्यांनी कॅन घेऊन जायचा.

फार पूर्वी कुणीतरी कॅनमध्ये साबणाची वडी टाकली होती. कुणी, ते अजून ठरलेलं नाही. लॉडनवाले म्हणतात आम्ही, आम्ही म्हणतो ते. तेव्हापासून रिवाज पडला: कॅन विस्तवावर चढल्यापासून जिंकणाऱ्याच्या गाडीत जाईपर्यंत दोन्ही गावांची एकेक बाई त्याच्या दोन बाजूंना खुर्ची टाकून बसणार. उठायचं नाही, डोळा हलवायचा नाही. आमच्याकडून पूर्वी लव्हॉनची आई बसायची. मग लव्हॉन बसू लागली. संशयाची अशी सरकारमान्य जागा दुसऱ्या कुणाला शोभलीच नसती.

लॉडनकडून बसते आर्डिथ. लव्हॉनची सख्खी धाकटी बहीण.

आर्डिथ लग्न करून नदीपलीकडे गेली. पुढे आई थकली, तेव्हा आर्डिथने तिला लॉडनच्या वृद्धाश्रमात नेलं. आईची शेवटची घटका आली त्या दिवशी लव्हॉनला निरोप पोचला तो सगळं संपल्यावर. आर्डिथ म्हणते, फोन लावला होता, लागला नाही. लव्हॉन म्हणते, लावलाच नव्हता, आईने शेवटचं एकट्या आर्डिथलाच बघावं म्हणून. दफनानंतर लव्हॉनने नदीवरचा पूल ओलांडलेला नाही. लॉडनला सामना असला, की आमच्या बसमधून मान खाली घालून जाते आणि मैदानाबाहेर पाऊल टाकत नाही. त्याला ती पूल ओलांडणं धरतच नाही. नाताळला कार्ड नाही, फोन नाही. वर्षातून एकदा तेवढ्या त्या कॅनच्या दोन बाजूंना दोघी बसतात.

मी कितीदा सॅलडसाठी कोबी चिरत शेजारी बसून ऐकलंय त्यांचं बोलणं.

"वाफ आली?"

"नाही अजून."

"तू गुडघ्याला काय बांधलंयस?"

"पट्टा."

"कुणी सांगितला?"

"डॉक्टरने."

"कुठला डॉक्टर? लॉडनचा? मग संपलंच."

एवढंच. पण त्यासाठी लव्हॉन आदल्या दिवशी दुप्पट वेळ देऊन केस बसवून घेते, आणि आर्डिथ तिच्यासाठी कोलाचे आणते, खसखशीचं सारण भरलेले गोड पाव. लव्हॉन प्रत्येक कोलाचा आधी मोडून आत बघते, मग खाते. सगळे खाते. गोत बदललं तर लॉडनचा सामना जाणार, कॅन जाणार आणि त्या दोन खुर्च्याही जाणार. हे लव्हॉनने कधी तोंडाने म्हटलं नाही. म्हणायची गरजही नव्हती.

सप्टेंबरात कॉलेजने चर्चच्या तळघरात सभा बोलावली. क्रीडा विभागाचा नवा प्रमुख ब्रेंट कॅसलमन बोलायला उभा राहिला. त्याचे दात फार पांढरे. लव्हॉनच्या मते एवढे पांढरे दात असलेला माणूस काहीतरी विकायलाच आलेला असतो.

"मंडळी, अजून काहीही ठरलेलं नाही," तो म्हणाला.

"मग जर्सीवर बिल्ला का नाही?" लव्हॉन मागच्या बाकावरून.

"मिसेस ह्रुबी, तुमचे शिवणाचे कष्ट वाचावेत म्हणून."

"मी कधी तक्रार केली?"

लोक हसले. ब्रेंटही हसला, आणि मग त्याने जे सांगितलं ते खोटं नव्हतं. आमच्या कॉन्फरन्समधली दोन कॉलेजं बंद पडली, तिसरं आचके देतंय. इथेच राहिलो तर उद्या खेळायला समोर कोण? पूर्वेकडच्या कॉन्फरन्समध्ये मोठ्या शहरांची कॉलेजं आहेत, तिकडची पोरं हॅलोरनचं नाव ऐकतील, शिकायला येतील. मला विचाराल तर मला ते पटलं. पोरं आली नाहीत तर कॉलेज जाईल, आणि कॉलेज गेलं तर मी केस कुणाचे बसवू? वाऱ्याचे?

गिरणीवाला वॉल्ट ओरडला, "बापजाद्यांचं गोत सोडून त्या शहरी लोकांच्या ओसरीवर बसायचं? ते काय आपल्याला पाट देणारेत?"

"बापजाद्यांचं गोत मरायला टेकलंय वॉल्ट," मी म्हणाले. "मढ्याशी सोयरीक करून काय मिळणार?"

लव्हॉनने वळून माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझीच कात्री लागली.

शेवटी ती उठली. "एवढंच सांग बाळा. लॉडनशी सामना राहील का?"

"वेळापत्रकात जागा मिळाली, तर आम्ही नक्की प्रयत्न करू."

"प्रयत्न करू म्हणजे नाही," ती म्हणाली आणि पर्स काखेत मारून निघाली.

दोन शुक्रवार ती पार्लरमध्ये आली नाही. तिसऱ्या शुक्रवारी आली ती नवीन संशय घेऊनच. म्हणे, यामागे लॉडन आहे. लॉडननेच आमच्याशी खेळायला नकार दिला असणार, म्हणून आमच्यावर ही पाळी. आणि आर्डिथला सगळं ठाऊक असणार.

"तिला कसं ठाऊक असेल? ती काय कॉलेजची अध्यक्ष आहे?"

"तिने त्या खुर्चीवरची जागा स्वतः मागून घेतली होती. माहितेय तुला? तिकडच्या बाईने सोडली तेव्हा हिने हात वर केला. का केला? हेरगिरी करायला."

धाकटी बहीण ती जागा का मागून घेईल, याचं उत्तर शेंबड्या पोरालाही आलं असतं. लव्हॉनला आलं नसेल असं नाही. पण तिला कसलीही गोड गोष्ट आधी मोडून आत बघायची सवय.

सामन्याचा शनिवार थंडगार होता. रांधायची पाळी आमची. आर्डिथ आली, तिच्या अंगात नवऱ्याचा जुना शिकारीचा कोट, एवढा मोठा, की त्यात तिच्यासारख्या दोघी मावल्या असत्या. दोघी बसल्या. कोलाच्यांचा डबा मध्ये. खेळ सुरू झाला, आमची पोरं बिनबिल्ल्याची पळत होती. लव्हॉन लॉडनच्या पोरांकडे डोळे बारीक करून बघत होती.

"तुमचे बिल्ले धावदोऱ्याने लावलेत," ती म्हणाली.

आर्डिथने मान हलवली नाही. "हो."

"म्हणजे उसवायचेत."

"तुमच्याकडे तर उसवायलाही नाहीत."

कॅनमधून बारीक शीळ घालत वाफ निघायला लागली होती, तरी दोघींपैकी कुणी ते बोलून दाखवलं नाही.

"कुठे चाललात?" लव्हॉनने विचारलं.

"दक्षिणेकडच्या गटात. आणि तुम्ही?"

"पूर्वेकडे."

"मला वाटलं तुम्ही आम्हाला टाकलंत."

"मला वाटलं तुम्ही."

सॅलडचा कोबी चिरता चिरता मी सगळं ऐकत होते. दोन्ही गावं महिनाभर एकमेकांना पाण्यात बघत होती, आणि दोन्ही गावांनी आपापलं चंबूगबाळं कधीच आवरून ठेवलं होतं. मला ब्रेंटचा राग आला, लॉडनच्या ब्रेंटचाही आला, आणि सभेत मढ्याची गोष्ट काढणाऱ्या माझ्या जिभेचाही आला. म्हणणं माझं बरोबरच होतं, तरी आला.

आम्ही जिंकलो. शेवटच्या क्षणी आमचा पोरगा चेंडू छातीशी धरून रेषेपलीकडे पडला आणि अख्खं गाव नाचलं. वॉल्ट ओरडत होता, "कॅन आपला! आता कायमचा आपला!" कायमचा हा शब्द लव्हॉनने ऐकला. ती टाळ्या वाजवत होती, पण तिचं तोंड आंबट झालं होतं. कॅन आता आमच्या कॉलेजात काचेच्या कपाटात बसणार, आणि तो परत जिंकायला कुणी येणार नाही.

जेवणं झाली. मी भांडी घासायला आत गेले. परतले तेव्हा गसने कॅन गाडीत चढवला होता आणि आर्डिथ दोन्ही हात कोटाभोवती घट्ट लपेटून तिच्या मोटारीकडे चालली होती. निरोप वगैरे काही नाही. त्यांच्यात नसतोच.

मंगळवारी कॉलेजने जाहीर केलं, आम्ही पूर्वेकडे चाललो. बुधवारी कॅन कपाटात मांडताना गसच्या लक्षात आलं, की झाकण नाही. संध्याकाळपर्यंत गावभर बोंब. लॉडनवाले चोर! वॉल्टने तर पोलिसप्रमुखाला फोन केला आणि पोलिसप्रमुखाने त्याला झोपायला सांगितलं. सगळे लव्हॉनच्या दारात. पहारा तिचा होता ना.

"आर्डिथने नेलं," ती शांतपणे म्हणाली. "मी पहिल्यापासून सांगत आलेय, तिच्यावर नजर ठेवायला हवी."

शुक्रवारी ती माझ्या खुर्चीत बसली. मी तिच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि राहवलं नाही म्हणून विचारलं. "लव्हॉन, ते झाकण ताटाएवढं. तू खुर्चीवर. इतक्या वर्षांत तू साबणाचा तुकडा त्या कॅनच्या आसपास फिरकू दिला नाहीस. तुझ्या नाकासमोरून तिने ते नेलं कसं?"

आरशात तिने पहिल्यांदाच माझ्या हातावरची नजर काढली.

"ती म्हणाली, ते बघ, मैदानावर काय चाललंय."

"आणि तू बघितलंस?"

"बघितलं."

"सामना तर केव्हाच संपला होता. काय होतं मैदानावर?"

"काही नव्हतं. गवत."

"किती वेळ बघत होतीस?"

"तिच्या कोटाची बटणं लागेपर्यंत. जुना कोट तो, बटणं घट्ट आहेत."

मी कंगवा खाली ठेवला. तिचे डोळे भरले होते आणि माझेही, पण तिने लगेच हनुवटी वर केली.

"नुसती बघत काय राहिलीस? झाकणाशिवाय कॅन काय कामाचा? जाऊन आणायला नको? ती ते नीट पुसूनही ठेवणार नाही, गंज चढेल. पूल अजून जागेवर आहे ना?"

"आहे."

"मग उद्या जाते. आणि हे बघ कॉनी, आज हवे तेवढे काप, पण केस चांगले बसव. चोराच्या घरी जायचंय मला."