करवंटीची माळ आणि सड्यावरची रेघ

एखादं चित्र तुम्हांला कळलं नाही, तर तुम्ही काय करता? त्याच्यासमोर थांबता, की आपल्या सोयीनं ते पुरं करून टाकता? उत्तर लगेच देऊ नका. मी एकोणीस वर्षांची असताना ते लगेच दिलं होतं, तेही हातात ब्रश घेऊन.

माझं वाचन पत्रकांवर झालं. वडील मालवणजवळच्या आमच्या गावात शिक्षक, आणि शाळा सुटली की कसल्या ना कसल्या समितीचे चिटणीस. घरात पुस्तकं थोडी, पत्रकांचे गठ्ठे फार. मी जोडाक्षरं शिकले ती 'बहुसंख्येने उपस्थित राहा' यावरून. कागदाची तिहेरी घडी मला वेणी घालण्याआधी जमायला लागली. आमच्या भिंतींवर एक कॅलेंडर सोडलं तर काही नव्हतं. वडील म्हणायचे, "भिंत घोषणेसाठी असते, नटवण्यासाठी नाही." दहावीनंतर मी कानांतले डूल काढून आईच्या हातात दिले आणि दागिना म्हणजे बेडी कशी, यावर बराच वेळ बोलले. आईनं डूल तांदळाच्या डब्यात टाकले. "ऐकलं. आता जेव," एवढंच म्हणाली.

पुढे कणकवलीला कॉलेजात गेले. कोकण रेल्वे सुरू होऊन चार-पाच वर्षं झाली होती. तिथल्या आमच्या विद्यार्थी चळवळीच्या गटानं 'दागिना: सौंदर्य की गुलामी?' असं पत्रक काढायचं ठरवलं आणि मजकूर माझ्यावर सोपवला. उत्तर मला आधीच माहीत होतं, फक्त पुरावा हवा होता. श्रावणात घरी आले तेव्हा वही घेऊन शेजारच्या काकीकडे गेले.

काकी नात्यातली नव्हे. तिचा नवरा बोटीवर खलाशी, आणि ती बाजारात मासे विकायची. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की तिच्या टोपलीला काम उरत नसे. मग ती ओटीवर बसून करवंट्यांचे दागिने करायची. लोखंड कापायच्या पात्याचा तुकडा, एक कानस आणि एक गिरमिट, एवढंच सामान. करवंटी कापायची, घासायची, खोबरेल लावून फडक्यानं चोळायची. तासाभरात ती अशी काळीभोर चकाकायची की ही काल चुलीत जाणार होती हे सांगून खरं वाटू नये.

"काकी, हे दागिने तुम्ही कोणाच्या दबावाखाली करता?" मी विचारलं.

काकीनं कानस थांबवली. "कणकवलीक शिकाक गेलंस म्हणान माझ्याशी पेपरात बोलतंस?"

"बरा, सांग. कित्याक करतंस?" मी मालवणीवर आले.

"हात मोकळे रवले की माझी जीभ चलता. शेजारणींका विचार, काकीची जीभ बरी काय कानस बरी."

वहीत लिहिण्यासारखं काही मिळेना. तेवढ्यात माझं लक्ष तिच्या बाजूच्या सुपाकडे गेलं. सुपात करवंटीचे दहा तुकडे ओळीनं मांडले होते आणि प्रत्येकाचा आकार वेगळा होता. पान नाही, मोर नाही, मासा नाही. एक माणसासारखा, पण डोक्याच्या जागी नुसती पोकळी. एकात गोलात गोल. एक कंगव्यासारखा, पण दाते दोन्ही बाजूंना. असं काही मी सोनाराच्या काचेत पाहिलं नव्हतं, देवळातही नाही.

"ह्यां काय आसा?"

"माका काय ठावक."

"मगे काढतंस कसा?"

"सड्यावर आसा तसा काढतंय."

तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, आरोंद्याला. मार्गशीर्षातला मुहूर्त होता. लग्नाचं सोनं जे व्हायचं ते होणार होतं, पण एक माळ आईच्या हातची असावी, आणि तिच्यातले सगळे आकार सड्यावरच्या एकाच कातळावरचे असावेत, असं काकीनं मनाशी धरलं होतं. त्या कातळावर ती स्वतः लहानपणी गुरं राखायची. माळेचे दहा तुकडे झाले होते. मधलं पदक राहिलं होतं.

"पाऊस थांबलो आसा, चल," ती म्हणाली आणि माडाच्या हिरांची केरसुणी घेऊन पुढे चालायला लागली.

सडा म्हणजे आमच्या गावावरचं जांभ्या दगडाचं पठार. मी तिथून शंभरदा गेले असेन. त्या दिवशीही आधी काही दिसलं नाही. ओला दगड आणि मधूनमधून गवत, बस. काकीनं केरसुणीनं साचलेलं पाणी लोटून दिलं आणि म्हणाली, "आता वायच गप रव." वारा होता. सपाट दगड बघता बघता सुकत गेला. खाचांतलं पाणी मात्र तसंच राहिलं, आणि आभाळाच्या उजेडात आमच्या पायांशी एक माणूस उमटला. आमच्या स्वयंपाकघराएवढा. त्याच्या डोक्याच्या जागी पोकळी होती.

मी वही काढली. काकी म्हणाली, "ती ठेव. चपला काढ."

तिची रीत मी नंतर कुठंच पाहिली नाही. ती चित्र डोळ्यांनी उतरवत नसे, पायांनी उतरवायची. पायाचा अंगठा खाचेत ठेवायचा आणि रेघ नेईल तिकडे सावकाश चालायचं. एकदा नाही, वीस-पंचवीसदा, वेगवेगळ्या दिवशी. मग घरी सुपात काथ्याची दोरी मांडून तो आकार लहान करायचा. दोरी आणि पाय यांचं पटलं की मगच करवंटीला पातं लावायचं.

"डोळो आपल्याक व्हया ता बघता," ती म्हणाली. "पायाक जा आसा ताच लागता."

मी चालले. पहिल्या फेरीत नुसता गार दगड लागला. चौथ्या फेरीत कळलं की खाचेची एक कड तिरकी आहे आणि दुसरी उभी. म्हणजे कोरणारा एका बाजूला बसला असणार. कोण होता तो? की ती? इथं घाव घालताना खाली समुद्र दिसत असेल, तो एवढाच जवळ होता का? पत्रकासाठी आलेली मी संध्याकाळपर्यंत त्या माणसाच्या कडेकडेनं फिरत राहिले.

पश्चिमेच्या टोकाला शेवटची आकृती होती, होडीएवढी लांब. पदक तिचं व्हायचं होतं. काकी ती तीन पावसाळे चालत होती. एका जागी खाच उथळ होत होत नाहीशी व्हायची आणि दीड हातावर पुन्हा काहीतरी सुरू व्हायचं.

"हंय रेघ संपता काय वळता, ता माका अजून कळूक नाय. ता कळल्याबिगर पदक कसा कापू?"

दागिन्याविरुद्धचं पत्रक मी लिहिलंच नाही. गटाला सांगितलं, अभ्यास चालू आहे. तो खरंच चालू होता. दिसेल त्याला मी सड्याबद्दल विचारत सुटले. कोणी म्हणालं, पांडवांनी एका रात्रीत केलं. कोणी म्हणालं, पूर्वीच्या पोरांचे खेळ. वडील म्हणाले, "पांडवांनी केलं म्हणजे कोणालाच माहीत नाही, असं समज." चतुर्थीला काकीकडे गेले तर गणपतीमागच्या भिंतीला काव लावलेली, आणि त्या तांबड्या रंगावर चुन्यानं काढलेला तोच दुहेरी कंगवा. वर माटवीला, म्हणजे गणपतीवरच्या लाकडी चौकटीला, कवंडळाची रानफळं, सुपारीचे घोस, हिरवी तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, टांगलेल्या. दर्शनाला येणारा कोणीही 'हे काय' असं विचारत नव्हता. मी मोदक हातात धरून भिंतीकडे बघत बसले. एवढ्या वर्षांत आम्ही रंगवलेल्या एकाही घोषणेसमोर कोणी असं बसलेलं मला आठवेना. घरी येऊन मी एक वही सुरू केली, तिच्यात फक्त प्रश्न लिहायचे. माझ्या लिखाणाची सुरुवात ती.

आणि मग भाद्रपद संपता संपता बोलवा उठली की सड्यावर चिरेखाण येणार, जांभा कापून घरांसाठी चिरे काढायची.

आता मी मला येत होतं ते केलं. गट जमवला, निवेदन लिहिलं, तालुक्याच्या कचेरीत दिलं. पाहणीला माणसं येणार असा निरोप आला, सोबत एक वार्ताहरही. वेळ दुपारी बाराची. बाराच्या उन्हात खाचांत सावली पडत नाही, सडा कोरा दिसतो. आलेल्या माणसांना आम्ही काय दाखवणार होतो? मी म्हणाले, भिंतीवर घोषणा रंगवतो तशा रेघा रंगवू. पांढरा ऑइलपेंट आणला. गटात अक्षर माझं सगळ्यांत चांगलं, म्हणून सगळ्यांत मोठी, पश्चिमेच्या टोकाची आकृती माझ्याकडे आली.

ब्रश झरझर चालला. मग खाच उथळ झाली आणि नाहीशी झाली. काकी थांबायची ती ही जागा, हे मला माहीत होतं. मी तिथं दोन मिनिटं उभीही राहिले. पण पत्रकातल्या चित्राखाली एक ओळ लागते, आणि 'हे काय आहे ते कळत नाही' ही ओळ खाण थांबवू शकेल असं मला वाटलं नाही. मी दीड हाताची रेघ मारली, दोन टोकं जोडली आणि वर शेपटीची एक पाती काढली. मासा झाला. किनाऱ्यावरच्या लोकांच्या पूर्वजांनी कोरलेला मासा. बारा वाजता माणसं आली, माशाभोवती उभी राहिली, फोटो निघाले. आठवड्यानं पेपरात मासाच छापून आला. खाण आली नाही. आमच्यामुळे की आणखी कशामुळे, ते मला आजही माहीत नाही.

काकी बाजारातून परस्पर सड्यावर आली होती. मी तिची वाट बघत होते. तिनं शाबासकी द्यावी असं मनात होतं, ते लपवत नाही. तिनं चपला काढल्या, अंगठा खाचेत ठेवला, चार पावलं चालली आणि थांबली. रंगानं खाच भरून गुळगुळीत झाली होती. मग ती पुढे जोडलेल्या जागेशी गेली.

"हो मासो कोणी काढल्यान?"

"मी."

"तुका दिसलो?"

"नाय. पण लोकांक दाखवक व्हयो होतो."

"लोकांनी बघल्यानी," ती म्हणाली. "बरा झाला. आता हंय काय होता, ता कोणाकच कळूचा नाय."

ती रागावली असती तर मला बोलता आलं असतं, वादाची मला सवय होती. ती चपला हातात घेऊन उतरून गेली. दुसऱ्या दिवशी मी रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन वर गेले. रंग थोडा निघाला, पण तारेनं दगडावर नवे ओरखडे उठले. आता जुनी रेघ कुठली, माझी कुठली आणि तारेची कुठली, हे मलाही सांगता येईना. मी हात थांबवला. आयुष्यात पहिल्यांदा एखादं काम अर्धं सोडून आले.

वडिलांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "छापलेलं चुकलं तर शुद्धिपत्रक काढतात," ते म्हणाले. "दगडाचं काय करतात ते मला ठाऊक नाही. पण पेपरातलं तरी नीट कर."

मी लिहिलं: 'सड्यावरील त्या आकृतीस आम्ही मासा म्हटले, ती आमची चूक आहे. दोन रेघा आम्ही जोडल्या. शेपटी आमची आहे. ती आकृती कशाची आहे हे आम्हांस माहीत नाही.' पेपरानं ते छापलं नाही. मग मी हातानं प्रती काढून गावात, शाळेत आणि कणकवलीच्या एसटी स्टँडवर लावल्या. गटातले दोघे माझ्याशी बोलेनासे झाले. त्यांचं म्हणणं, विरोधकांच्या हाती कोलीत दिलं. एक प्रत मी काकीलाही दिली. तिला वाचता येत नसे, म्हणून वाचून दाखवली.

"शेपटी आमची आहे," ती पुटपुटली, आणि पहिल्यांदा थोडी हसली. "तुमची दिसताच."

मार्गशीर्षात लग्न झालं. माळ पुरी झाली होती. पदक बघायला मी मांडवात पुढे सरकले. काकीनं करवंटीवर रेघ कापली होती ती जिथपर्यंत तिचे पाय गेले होते तिथपर्यंतच. पुढची करवंटी तिनं तशीच ठेवली होती, कोरी, घासून चकचकीत केलेली. नवरी मैत्रिणींना सांगत होती, "आयेन माझा पदक अर्धाच ठेवल्यान. सासू विचारीत तर काय सांगू?"

"सांग, आयेक तेवढाच ठावक होता," काकी म्हणाली.

त्या सड्यावर लोक आता येतात. कोणीतरी त्या रेघांवर परत रंग दिला आहे, आणि मासा आता 'मासा' म्हणूनच ओळखला जातो. मी लिहिते, छापते, आणि एखादा मजकूर आपल्याला हवा तसा जुळून यायला लागला की त्या दीड हातापाशी हात थांबतो. पण माझ्या थांबण्यानं काकीचं काही भरून येत नाही. रेघ कळली तर पुरं पदक कापायला तिनं करवंटीचा एक तुकडा अजून बाजूला ठेवलेला आहे.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. आम्ही रंग लावण्यापूर्वी मालवणच्या बाजूच्या एखाद्या सड्यावर तुम्ही गुरं राखली असतील, गवत कापलं असेल, शाळेच्या सहलीत त्या रेघांवरून उड्या मारल्या असतील, तर आज एक कागद घ्या. पश्चिमेच्या टोकाची, होडीएवढी लांब आकृती आठवते का बघा, आणि आठवते तेवढीच काढा. घरात वडीलधारं कोणी तिकडचं असेल तर त्यांच्या हातात पेन्सिल द्या. सुबक करू नका, नाव देऊ नका, आणि जिथं आठवण संपते तिथं रेघ सोडून द्या. तो कागद ह्या पुस्तकाच्या प्रकाशकाकडे पाठवा. मी तो काकीच्या ओटीवर जमिनीला अंथरीन, ती त्यावर पाय ठेवून बघेल.