अंगावरचे टाके

आईचा ब्लाउज पहिल्यांदा खांद्यावरून घसरला तो हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये. तिने पटकन पदर ओढून घेतला आणि म्हणाली, शिंप्याने मापात काहीतरी घोळ घातलेला दिसतोय. बिचाऱ्या शिंप्याची काय चूक? ब्लाउज जुनाच होता, आईच दिवसेंदिवस बारीक होत चालली होती. पोटातलं दुखणं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन खरं ते सांगितलं होतं आणि तिला सांगताना पुष्कळ साखर घातली होती. मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच. बाबांच्या सरकारी नोकरीपायी दिल्लीत आलो आणि बाबा गेल्यावरही इथेच राहिलो.

मी तिला सरळ म्हटलं, गाऊन घालत जा, सुटसुटीत पडेल. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही भलतंच बोलले.

"गाऊनमध्ये मी आजारी दिसते," ती म्हणाली.

आजारी होतीच ती, पण हे तिला कोण सांगणार? दूधवाल्यासमोरसुद्धा ती कधी गाऊनवर गेली नव्हती. मी म्हटलं, ठीक आहे, ब्लाउज मार्केटमधल्या मास्टरजींकडे टाकते, दोन दिवसांत आत घेऊन देतील. त्यालाही नाही. मास्टरजींना तिचं माप तोंडपाठ होतं. ते विचारणार, भाभीजी इतकी कमजोर कैसे हो गईं, आणि मग सगळं मार्केट विचारणार. थोडक्यात काय, ब्लाउज घरातच आत घ्यायचे होते. आईची बोटं औषधांनी बधिर झालेली, म्हणजे राहिले कोण? मी. जिने जन्मात सुई धरली नव्हती, तुटलेलं बटण ऑफिसात स्टेपलरने लावलं होतं.

थंडीचे दिवस होते. रविवारी बाल्कनीत ऊन असायचं तेवढ्या वेळात आमची शाळा भरायची. आई खुर्चीत शालीखाली, मी खाली चटईवर. सुईत दोरा ओवतानाच मी रडकुंडीला यायची. पुन्हापुन्हा ओवायला नको म्हणून मी हातभर लांब दोरा घ्यायची, त्याचा गुंता व्हायचा, आणि आई म्हणायची, लांब दोरा आळशाचा. तिने उसव म्हटलं की मला क्षणभर कळायचं नाही. हिंदीत उधेड म्हटलं की कळायचं. दिल्लीत वाढलेली मुलगी, दुसरं काय होणार! पहिला ब्लाउज मी मोठ्या शहाणपणाने मांडीवर घेऊन शिवला आणि उठायला गेले तर तो माझ्या कुडत्यासकट उठला. आई इतकी हसली की पोट धरून बसली. दुखत असणार, पण हसत होती.

धावदोरा मला लवकर जमला, पण तो कामाचा नव्हता. आईला खोकल्याची उबळ आली की शिवण तटतट सुटायची. मग तिने हातटीप शिकवली. प्रत्येक टाक्याला सुई थोडी मागे न्यायची आणि मग पुढे काढायची. काखेपासून कमरेपर्यंत दोन्ही बाजूंना तशी टीप घातली की ब्लाउज नीट बसायचा. दर थोड्या दिवसांनी नवी टीप, आधीच्या टिपेच्या आत. आत उरलेलं कापड जाड व्हायला लागलं तेव्हा मी कात्री घेतली, तर तिने माझा हात धरला.

"कापायचं नाही हं," ती म्हणाली. "वजन वाढलं की उसवून परत मोठा करता येतो."

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? ते उरलेलं कापड मी आतल्या बाजूला चापून शिवून टाकलं आणि सुई टोचली म्हणून डोळ्यांत पाणी आलं असं सांगितलं.

एकदा हॉस्पिटलला निघताना, टॅक्सी खाली उभी, आणि तिचा हूक निघाला. मी सुई घेऊन तशीच पुढे झाले तर ती मागे सरली. अंगावरचं शिवायचं तर तोंडात तुळशीचं पान हवं. हा आमच्या घरातला जुना नियम. लहानपणी शाळेची बस हॉर्न वाजवत असायची, माझ्या युनिफॉर्मचं बटण निघालेलं असायचं, आणि आई आधी कुंडीतलं पान आणून माझ्या तोंडात द्यायची. मी ते चघळून टाकायची. चावू नकोस, नुसतं धर, म्हणून ती ओरडायची. का धरायचं, विचारलं की म्हणायची, असं असतं. या वेळी मी पान आणून दिलं आणि हूक लावता लावता परत विचारलं. तोंडात पान, त्यामुळे तिला बोलता येईना. टॅक्सीत बसल्यावर तिने खिडकीबाहेर बघत सांगितलं की जित्या माणसाच्या अंगावर कपडा शिवत नाहीत, मेलेल्याच्याच शिवतात, म्हणून पान. मी तिच्या खांद्यावरची शाल नीट केली.

आई फेब्रुवारीत हॉस्पिटलमध्येच गेली. शेवटचे दिवस तिथल्या गाऊनमध्ये गेले, ते मला कधीच विसरता येणार नाही. घरी आणल्यावर मी म्हटलं, हिला साडीच नेसवायची, मी आत घेतलेला वांगी रंगाच्या खणाचा ब्लाउज घालूनच. शेजारच्या आंटी मदतीला आल्या होत्या. त्यांनी गंगाजळ, तुळस, सगळं रीतसर केलं. त्या म्हणाल्या, बेटा, पीछे से काट दो, ऐसे ही पहनाते हैं. त्यांचं बरोबरच असेल. पण मी कापू दिलं नाही. आईचे हात अजून वळत होते. आम्ही दोघींनी हळूहळू ब्लाउज चढवला, हूक लावले.

आणि तो सैल झाला. माझी शेवटची टीप महिन्याभरापूर्वीची होती. खांदा घसरला, अगदी लिफ्टमध्ये घसरला होता तसा. आंटी म्हणाल्या, राहू दे, वरून साडी येणार, कोणाला दिसतंय. मला दिसत होतं. मी सुईदोरा आणला, छोटा दोरा घेतला, आणि तिच्या कुशीला बसून टीप घालायला लागले. मागे, पुढे, मागे, पुढे. मग सवयीने पानाची आठवण झाली, आणि मी उठणार होते कुंडीकडे जायला.

वर पाहिलं तर आईच्या ओठांत पान होतं. तिने ते चावलं नव्हतं, नुसतं धरलं होतं.